नागपुरात उन्हाळी सुट्टीत चार-पाच वर्षांच्या मुलांकडून घरी कीटकांची सोपी हस्तकला कोणती करून घ्यावी?

अंगठ्याच्या ठशांची मुंगी घ्या. मी बालवाडीत शिकवते. या वयात कात्री अजून नीट चालत नाही, अंगठा मात्र चालतो. ओळीने तीन ठसे उमटवायचे: डोकं, छाती, पोट. वाळले की स्केचपेनने सहा पाय. ते सगळे मधल्या ठशातूनच निघतात. मुलं हमखास पोटालाही पाय काढतात, तेव्हा अंगणातली खरी मुंगी दाखवा. मे महिन्यात आपल्याकडे रंग ताटलीतच वाळतो, म्हणून थोडाथोडाच काढा.

मग हे करता येईल:
- कागद दुमडून फुलपाखरू: एका बाजूला रंगाचे थेंब, घडी दाबा, उघडा.
- अंड्यांच्या ट्रेची पट्टी हिरवी रंगवून अळी. कुंडीतल्या लिंबावर किंवा संत्र्याच्या झाडावर खरी सापडली तर उत्तमच. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. मुलांना शिटेचीच गंमत जास्त!

डोळ्यांसाठी मणी किंवा मोहरी मात्र घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर नको, नाकातोंडात जातात. स्केचपेनचा ठिपका पुरे.