चूक ऐकू येते कुठे आणि होते कुठे

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि काही वर्षांपासून ख्यालगायन शिकते आहे. गाताना सारे सुरात वाटते. मात्र मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकले की यमन रागातला तीव्र मध्यम (चढा ‘म’) उतरलेला ऐकू येतो, आणि छोट्या ख्यालात मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मात्राभर आधीच पोहोचते. तीच बंदिश रोज दहा-बारा वेळा म्हणूनही फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर : स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो, आणि तो इतका जवळचा असतो की तंबोरा त्याखाली दबून जातो. ज्याच्याशी सूर ताडून पाहायचा तोच ऐकू येत नसेल, तर चूक कळणार कशी? म्हणून काही दिवस आवाज निम्मा ठेवून गावे. तंबोरा मोबाइलवर लावत असाल तर तो मोठ्या स्पीकरला जोडावा, कारण मोबाइलच्या लहानशा स्पीकरातून खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार जवळजवळ ऐकूच येत नाही.

आता मध्यमाविषयी. तो नेमका कुठे उतरतो, हे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून वहीत पेन्सिलीने खुणा करून पाहावे. अवरोहात ‘प म ग रे’ घेताना उतरत असेल, तर मन पंचमावर असतानाच गंधाराकडे धावलेले असते आणि मध्यम वाटेत घसरतो. अशा वेळी पंचमावरून मध्यमावर येऊन तिथेच थांबावे, पुन्हा पंचमावर जावे, आणि मध्यम तंबोऱ्यात स्थिर झाल्याशिवाय गंधार घेऊच नये. आरोहात ‘ग म ध नि’ अशा, पंचम वगळून जाणाऱ्या जागी उतरत असेल, तर बहुधा श्वास कमी पडतो. तिथे मध्यम घोटत बसण्यापेक्षा श्वासाची जागा गंधाराच्या आधी न्यावी. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे मध्यमच उतरलेला वाटतो, पण दोन्ही ठिकाणी चुकीला सुरुवात त्याच्या आधी झालेली असते.

दहा-बारा वेळा म्हणूनही फरक का पडत नाही, याचे उत्तरही यातच आहे. अस्थाई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, सुरुवातीलाच पूर्ण भरून मांडावा ही ग्वाल्हेर घराण्याची रीत, आणि याच घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली जिथे संगीत विद्यालय काढले त्या गावात ती वेगळी सांगायला नको. मात्र मैफलीतली ही मांडणी रियाजात जशीच्या तशी आणली, की बंदिशीबरोबर चुकलेली जागाही तितक्याच वेळा घोटली जाते. रियाजात खूण केलेली जागा आणि तिच्या आधीचे दोन-तीन स्वर एवढेच घ्यावे, तेही संथ लयीत. सबंध बंदिश शेवटी एकदा म्हटली तरी पुरे.

समेचे दुखणे मात्र स्वरांचे नाही, त्यामुळे ते तंबोऱ्यावर सुटणार नाही. त्रितालाच्या १६ मात्रांत १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी आणि ९ वर खाली (टाळी न देता दाखवायची मात्रा) धरून बंदिशीचे शब्द सुराशिवाय नुसते म्हणून पाहावेत. बंदिश खालीपासून उठणारी असेल, तर मुखडा (समेकडे नेणारे सुरुवातीचे शब्द) धरण्याआधी घाईने श्वास घेताना मागच्या ओळीचा शेवटचा स्वर आखडला जातो आणि तीच मात्रा समेवर कमी पडते, असे पुष्कळदा आढळते. त्या स्वराची लांबी हातावर मोजावी. हे कंटाळवाणे आहे खरे, पण समेवरची चूक तबलजीच्या मागे लागून दुरुस्त होत नाही.

प्रश्न : घरी मी हार्मोनियमवर प्रत्येक स्वर वाजवून त्याच्याशी गळा जुळवतो. तरी गुरुजी गंधार चढा लागतो म्हणतात. असे का?

उत्तर : गुरुजींचे बरोबर आहे. नेहमीच्या हार्मोनियमचे स्वर सप्तकाचे १२ सारखे भाग करून बसवलेले असतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग मानले, तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झणकार) नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कानात भरेपर्यंत शांत बसून ऐकावा आणि मगच गळ्यातून काढावा. हार्मोनियमवर षड्ज धरून पट्टी निश्चित करावी आणि पुढे यमन, भूप या रागांच्या रियाजापुरता तिचा भाता बंद ठेवावा.