ग्रामीण रुग्णालयात हृदयरोगाची व्यवहार्य चाचणी कशी आखावी?

यवतमाळसारख्या जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात हृदयरोगाच्या औषधाची चाचणी घेता येईल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच येईल, मात्र प्रश्न एकच आणि रोजच्या उपचारातला असावा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकाराच्या झटक्यावरील आयसिस-२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्ण होते आणि कागदपत्रे अगदी थोडी होती. तरीही झटक्यानंतर महिनाभर दिलेल्या स्वस्त ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात, हे तिने दाखवले.

आपल्याकडे खरी अडचण फेरतपासणीची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोणी येत नाही, म्हणून तारीख आठवडी बाजाराच्या दिवशीची द्यावी, आणि आशाताईंनी घरी जाऊन पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजावे. निष्पत्ती म्हणून मृत्यू आणि पुन्हा भरती होणे एवढेच नोंदवले तरी पुरते. सवलत द्यायची नाही ती दोनच ठिकाणी: कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरवू नये, आणि संमतीपत्र रुग्णाला त्याच्याच वऱ्हाडी बोलीत समजावून सांगावे. नैतिकता समितीची मान्यता व सीटीआरआय या भारतातील औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हावी.