गिटारवाले गेले तर जाऊ दे

प्रिय मुली,

तुझा मेसेज शनिवारी रात्री वाचला. दोन्ही गिटारवाले एकदमच बँड सोडून गेले, खारच्या कार्यक्रमाला तीन आठवडे उरलेत, आणि तू विचारतेयस की कुणी बदली माणूस आहे का. खरं सांगायचं तर दोन-तीन नावं आहेत माझ्याकडे. पण देणार नाही. त्याऐवजी डियरहूफबद्दल लिहितो, कारण तो बँड तुझ्या या अडचणीतूनच जन्मला.

1994 साल, सॅन फ्रान्सिस्को. नायटर पिट नावाच्या बँडचे दोन्ही गिटारवाले निघून गेले. मागे उरले बासवाला रॉब फिस्क आणि ड्रमर ग्रेग सॉनिए. त्या दोघांनी बदली कुणी शोधला नाही. बास आणि ड्रम्स एवढंच घेऊन स्टेजवर चढले. तोच डियरहूफ. पुढच्या वर्षी सातोमी मात्सुझाकी जपानहून त्या शहरात आली आणि आठवडाभरात त्यांची गायिका झाली. त्याआधी ती कुठल्याच बँडमध्ये नव्हती, बास वाजवायलाही या बँडमध्येच शिकली. तिचा आवाज ऐक. बारीक, सरळ, कुठे हरकत नाही की कंप नाही, आणि मागे सॉनिएचे ड्रम्स वळवाच्या पावसासारखे कोसळतात. दोन्ही एकजीव करायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. म्हणून तर त्यांचं गाणं दोन ओळींत ओळखू येतं.

1999 मध्ये खुद्द फिस्कच गेला. जॉन डिटरिच गिटार घेऊन आला. पुढे ख्रिस कोहेन आला, 2006 मध्ये तोही गेला, तेव्हा तिघांनी पुढचा अल्बम केला. 2008 मध्ये एड रॉड्रिगेझ आला. दर वेळी संगीत बदललं, कारण आलेल्याला कुणी गेलेल्यासारखं वाजवायला लावलं नाही.

आमच्या बँडमध्ये आम्ही नेमकं तेच करायला लावलं होतं. 1996 मध्ये आमचा कीबोर्डवाला नोकरीसाठी पुण्याला गेला. वर्षभर दादरच्या एका वर्गखोलीत आम्ही दर रविवारी नवीन पोरांना बसवून म्हणायचो, 'हे असं वाजव.' एक मुलगा फार चांगला होता. डाव्या हाताने असं काही वाजवायचा की आमची गाणी वेगळीच वाटायला लागायची. त्यालाही आम्ही थांबवलं. तो पुन्हा आला नाही, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बँडही राहिला नाही. अकरा गाण्यांची कॅसेट अजून कपाटात आहे. तुझ्या हातून हे होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

आता वाजवायचं कसं ते. सॉनिएचा ड्रमसेट बघ. किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे समोरचा कडक आवाजाचा छोटा ड्रम, आणि एखादी झांज. बहुतेक वेळा बस्स, एवढंच. मग तो स्नेअरच्या कडेवर, मध्यावर, कधी हलक्या हाताने, कधी सगळा जोर लावून वाजवतो आणि चार वाद्यांचं काम एकातून काढतो. तुला हे नवीन नाही. गिरगावच्या पथकात गळ्यात एक ताशा आणि हातात दोन काड्या, एवढ्यावर तू लक्ष्मी रोडला लाजवेल असा ठेका धरायचीस, मी ऐकलंय. तो हात तू ड्रमसेटवर बसलीस की कुठे जातो? टॉम, म्हणजे सेटमधले बाकीचे ड्रम, काढून टाक. लोकलने न्यायलाही सोपं पडेल, मालडब्यात भांडावं लागणार नाही.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. डियरहूफवाले जवळजवळ दहा वर्षं नोकऱ्या सांभाळून वाजवत होते. आणि आई म्हणते ना, 'असलं ऐकणार कोण?' तर त्यांचा 'मिल्क मॅन' हा 2004 चा अल्बम घेऊन अमेरिकेतल्या मेन राज्यात, नॉर्थ हेवन नावाच्या लहानशा बेटावरच्या शाळेतल्या मुलांनी 2006 मध्ये नृत्यनाट्य बसवलं होतं. शाळकरी मुलांनी! आईला हे सांग.

सोडून जाणं त्यांनाही जमतं बरं. 2025 मध्ये त्यांनी स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेण्याचं जाहीर केलं, कारण कंपनीच्या प्रमुखाने लष्करी एआय बनवणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते. पैशाची झळ बसणार हे माहीत असूनही. स्वतंत्र बँड म्हणजे काय हे मी तुला कधी नीट समजावू शकलो नव्हतो, हे उदाहरण पुरे.

भाषेचं राहिलं. गिटारवाल्यांना इंग्रजी हवं होतं म्हणून तुझ्या बासवाल्या मैत्रिणीची मालवणी गाणी वहीतच राहिली. सातोमीने जपानीत अधूनमधून गायलं होतं, पण संपूर्ण जपानी अल्बम आला तो 2023 मध्ये, 'मिरॅकल-लेव्हल'. ती बँडमध्ये आल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. तुम्ही कशाला इतकं थांबता?

कार्यक्रम रद्द करू नकोस. खारवाल्यांना फोन करून सांग की दोघीच येतोय, आणि वेळ चाळीस मिनिटांऐवजी वीस मिनिटं मागून घे. रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या. वरच्या मजल्यावरच्या आजी एकपर्यंत वाजवू देतात, मी विचारून ठेवलंय. स्नेअर आण, ताशा आण, आणि मैत्रिणीला वही आणायला सांग.

तुझा,
काका