मॅग्नेटोचा इतिहास, शक्ती आणि कमकुवत बाजू कोणत्या? आसपास धातू नसेल तर तो निष्प्रभ होतो का?

मॅग्नेटो हा मार्व्हल कॉमिक्समधील, चुंबकशक्तीने धातू हलवणारा खलनायक. आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: नाही, होत नाही. धातू नसला की त्याची अडचण होते, पण तेवढ्याने तो हरत नाही. तो जेव्हा जेव्हा खरोखर हरला, तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या भूतकाळात सापडते. म्हणून इतिहासाकडे थोडे सविस्तर पाहावे लागेल.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सप्टेंबर १९६३ च्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथा मालिकेच्या पहिल्याच अंकात मॅग्नेटोला आणले. त्या अंकात तो केप सिटाडेल नावाच्या क्षेपणास्त्रतळावर हल्ला करतो आणि हवेतील धूलिकण चुंबकशक्तीने जुळवून आकाशात शरणागतीचा इशारा लिहितो. कल्पना सुंदर आहे, पण त्या काळातील मॅग्नेटो म्हणजे लाल शिरस्त्राण घातलेला, सतत गर्जना करणारा एक गर्विष्ठ माणूस एवढेच होते. म्युटंट, म्हणजे जन्मजात विशेष शक्ती असलेली माणसे, श्रेष्ठ आहेत, म्हणून जगावर राज्य त्यांनीच करावे, यापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. त्याला स्वतःचे नाव नव्हते, घर नव्हते आणि भूतकाळही नव्हता.

१९७४ मध्ये ‘डिफेंडर्स’च्या सोळाव्या अंकात तर त्याने स्वतःच निर्माण केलेल्या अल्फा नावाच्या म्युटंटने त्याला तान्हे बाळ करून टाकले. १९७७ मध्ये तो पुन्हा मोठा झाला, पण पूर्वीच्या वयाचा नव्हे, तर ऐन तारुण्यातला. हा प्रसंग पुष्कळ वाचक विसरतात, मात्र पुढे त्याला फार महत्त्व आले. दुसरे महायुद्ध लहानपणी पाहिलेला माणूस इतक्या दशकांनंतरही धडधाकट कसा, या रास्त शंकेचे उत्तर कथेच्या आत त्याच प्रसंगातून मिळते.

मॅग्नेटोला माणूस केले ते ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने. ऑक्टोबर १९८१ चा ‘अनकॅनी एक्स-मेन’चा १५० वा अंक मी या पात्राचा खरा जन्म मानतो. त्यात मॅग्नेटो ‘अण्वस्त्रे सोडून द्या’ अशी धमकी सगळ्या राष्ट्रांना देतो आणि त्याच्यावर क्षेपणास्त्रे सोडणारी लेनिनग्राड ही सोव्हिएत पाणबुडी तिच्यावरील खलाशांसह बुडवतो. पुढे किटी प्राइड ही एक्स-मेन या म्युटंट नायकांच्या चमूतील सर्वांत लहान मुलगी त्याची यंत्रे निकामी करू लागते, तेव्हा संतापाच्या भरात तो तिच्यावर विजेचा प्रहार करतो. ती निपचित पडते आणि आपण एका कोवळ्या मुलीला मारले असे त्याला वाटते. त्या क्षणी त्याचा लढा संपतो. आपले बालपण नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत गेले, आपल्या माणसांना तिथे मरताना पाहिले आणि ज्यांचा आयुष्यभर द्वेष केला त्यांच्याच पंक्तीला आपण येऊन बसलो, हे त्याच्या तोंडून प्रथमच बाहेर पडते. किटी स्वतः ज्यू आहे, हे लक्षात घेतले की तो प्रसंग अधिकच जड होतो.

उरलेले तुकडे नंतर भरले गेले. १९८२ च्या १६१ व्या अंकात तरुण मॅग्नस (म्हणजे मॅग्नेटोच) आणि इतरांच्या मनावर ताबा मिळवू शकणारा, पुढे एक्स-मेनचा नेता झालेला चार्ल्स झेव्हियर यांची इस्रायलमधील हैफा येथे, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या रुग्णालयात, मैत्री झाल्याचे दाखवले आहे. माणूस आणि म्युटंट एकत्र नांदू शकतील का, या वादावरच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्याआधी युक्रेनमधील विनित्सिया येथे त्याची लहान मुलगी आन्या आगीत अडकली आणि जमावाने त्याला तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. ती गेली, त्याच्या शक्तीचा स्फोट होऊन तो जमाव मारला गेला आणि ते पाहून भेदरलेली त्याची पत्नी मॅग्डा त्याला सोडून पळाली. मॅक्स आयझेनहार्ट हे त्याचे मूळ नाव मात्र वाचकांना बऱ्याच उशिरा, ‘मॅग्नेटो: टेस्टामेंट’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या पाच अंकांच्या मालिकेत कळले. आउश्वित्झमध्ये प्रेते वाहून नेण्याचे काम सक्तीने करावे लागलेल्या कैद्यांच्या तुकडीत तो होता आणि ७ ऑक्टोबर १९४४ रोजी तिथे प्रत्यक्ष झालेल्या बंडाचीही त्या मालिकेत नोंद आहे. आपण एकच मालिका वाचणार असाल तर हीच वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता शक्तींविषयी. मॅग्नेटो चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि वळवतो. धातू उचलणे व वाकवणे, हवेत उडणे, शरीराभोवती संरक्षक कवच उभे करणे आणि वीज सोडणे ही त्याचीच रूपे आहेत. लोखंडच हवे असेही नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तांबे आणि अॅल्युमिनिअम यांच्यातही विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यावर बल लागते, हे साधे भौतिकशास्त्र आहे. याहून पुढची गोष्ट अशी की, क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर पाणीही त्याच्यापासून दूर ढकलले जाते. नेदरलँड्समधील एका प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सुमारे १६ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) इतक्या प्रबळ क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगत ठेवला होता आणि त्या बेडकाच्या अंगावर धातूचा कणही नव्हता. त्यामुळे लाकडी खोलीत कोंडलेला मॅग्नेटोही तत्त्वतः निःशस्त्र ठरत नाही. धातू त्याला फक्त सोपा पडतो. याउलट, तो समोरच्याच्या रक्तातले लोह खेचून घेईल, ही लोकप्रिय कल्पना मला तितकीशी पटत नाही. प्रौढ शरीरात जेमतेम तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील बरेचसे हिमोग्लोबिनच्या रेणूंत सुटे सुटे बांधलेले असते, त्यामुळे ते लोखंडाच्या किसासारखे चुंबकाला चिकटत नाही.

या शक्तीचे सर्वांत भीषण दर्शन १९९३ मध्ये, नव्याने सुरू झालेल्या ‘एक्स-मेन’ मालिकेच्या २५ व्या अंकात घडले. त्यात त्याने एक्स-मेनमधील वुल्व्हरिनच्या हाडांवरचा अॅडमँटिअम धातू त्याच्या शरीरातून ओढून काढला. पण त्याच प्रसंगात त्याची पहिली मोठी कमजोरीही दिसते: चिडलेल्या झेव्हियरने त्याचे मनच पुसून टाकले. मनावर ताबा मिळवणाऱ्यांपुढे मॅग्नेटो उघडा पडतो, म्हणूनच ते शिरस्त्राण; ते डोक्यावरून उतरले की डाव उलटू शकतो. दुसरी मर्यादा शरीराची आहे. त्याची शक्ती अफाट असली तरी ती पेलणारा देह माणसाचाच आहे. जखमी किंवा थकलेला असताना त्याची पकड ढिली होते आणि ताकदीबाहेरचे काम केले तर तो कोसळतो.

तिसरी कमजोरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक सरकारमध्ये आणि प्रत्येक जमावात त्याला ती छावणी दिसते. त्यामुळे तो आधी वार करतो आणि त्या वाराने, ज्यांना वाचवायचे त्या म्युटंटांविषयीची भीती जगात आणखी वाढते. तो बदलू पाहतो तेव्हाही ही जखम सुटत नाही. ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १९८५ च्या २०० व्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालतो, आजारी झेव्हियर म्युटंट मुलांसाठीची आपली शाळा त्याच्या हाती सोपवतो आणि काही काळ तो मनापासून शिक्षक होतो. तरीही काही वर्षांत तो जुन्या वाटेवर परततो. पुढे जेनोशा या बेटावर त्याला म्युटंटांचे राष्ट्र मिळाले, पण २००१ मध्ये सेंटिनल यंत्रमानवांनी तिथले १ कोटी ६० लाख म्युटंट मारले आणि त्याची सर्वांत जुनी भीती खरी ठरली. अशा माणसाला ‘तुझे चुकते आहे’ असे सांगायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न मला इतर कोणत्याही खलनायकाच्या बाबतीत इतका अवघड वाटलेला नाही.

त्याच्या शक्ती व कमजोरी एकत्र पाहायच्या असतील तर ‘अनकॅनी एक्स-मेन’चा २०१० चा ५२२ वा अंक अवश्य वाचा. किटी प्राइड बंदुकीच्या गोळीसारख्या धातूच्या एका प्रचंड अस्त्रात अडकून अंतराळात भरकटत असते. कोणी मागितले नसताना मॅग्नेटो एका डोंगरावर बसतो आणि ती गोळी कल्पनेपलीकडच्या अंतरावरून पृथ्वीकडे ओढून आणतो. त्या श्रमाने तो पार खचून जातो, पण १९८१ मध्ये जिला मारल्याच्या भीतीने तो थांबला होता, तीच मुलगी त्याने घरी आणलेली असते.