रेषारुंदी वाचण्याआधी

ऑप्टिकल रेझोनेटरची, म्हणजे समोरासमोरच्या आरशांत प्रकाश अडकवणाऱ्या पोकळीची, रेषारुंदी (अनुनादाच्या शिखराची वारंवारतेतली रुंदी) पहिल्यांदाच मोजतोयस म्हणून सांगतो, स्क्रीनवर सुबक शिखर दिसलं की लगेच रुंदी वाचायला धावू नकोस. ऑसिलोस्कोपचा आडवा अक्ष वेळेचा असतो, वारंवारतेचा नाही. लेझरची वारंवारता पुढेमागे सरकवून स्कॅन करणारा पिझो (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणारा घटक) सरळ रेषेत, म्हणजे एकसारख्या वेगाने, चालत नाही. स्कॅनची दिशा बदलते तिथे तर फारच हट्टीपणा करतो. म्हणून इलेक्ट्रो-ऑप्टिक मॉड्युलेटरने (विद्युत संकेताने प्रकाशाची कला बदलणाऱ्या उपकरणाने) साइडबँड, म्हणजे बाजूची जोडशिखरं, उमटव. मॉड्युलेशन १० मेगाहर्ट्झचं असेल तर मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना बरोबर १० मेगाहर्ट्झवर छोटी शिखरं दिसतील. ही तुझी फूटपट्टी, आणि ती त्याच स्कॅनमध्ये मिळते.

आता आकडे बघ. आरशांत १० सेंटिमीटर अंतर, म्हणजे लगतच्या दोन अनुनादांत साधारण १.५ गिगाहर्ट्झ. फिनेस (अनुनादांतलं हे अंतर भागिले रेषारुंदी) १०,००० असेल तर रेषारुंदी १५० किलोहर्ट्झ. लेझरचीच रुंदी ५०० किलोहर्ट्झ असेल, तर तू रेझोनेटर नाही, लेझर मोजतोयस! अशा वेळी रिंगडाउन कर: प्रकाश झटकन तोड आणि आतला प्रकाश किती वेळात विरतो ते बघ. इथे कालांक (प्रकाश सुमारे ३७ टक्के उरेपर्यंतचा वेळ) सुमारे १.०६ मायक्रोसेकंद यायला हवा. डिटेक्टर त्याहून बराच वेगवान हवा. मी एकदा आठवडाभर डिटेक्टरचाच ऱ्हास कौतुकाने मोजत बसलो होतो.

काचेचा सूक्ष्म-रेझोनेटर (प्रकाश आत फिरवत ठेवणारी चिमुकली चकती किंवा कडं) असेल तर दोन्ही दिशांनी स्कॅन घे. एकीकडे शिखर त्रिकोणी, ताणलेलं आणि दुसरीकडे अरुंद दिसलं, तर काच तापतेय. दोन्ही रुंद्या जुळेपर्यंत पॉवर उतरव. शिखरामागे लाटा उमटल्या तर स्कॅन हळू कर.