पाऊस हुकला की दोष कुणाला? येळ्ळूरच्या काकांपासून अथणीच्या सासऱ्यांपर्यंत

बेळगावकडच्या उन्हापावसाबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी काका म्हणतात, "दुष्काळ काय, बहात्तरलाही होता. हवामान बदल हे टीव्हीवाल्यांचं खूळ." मित्र म्हणतात, खानापूरची झाडं तोडली म्हणून ऊन वाढलं. अथणीकडचे सासरे म्हणतात, महाराष्ट्र कोयनेचं पाणी सोडत नाही म्हणून कृष्णा आटते. आणि तुम्ही विचारताय, यात खरं कोण आणि या सगळ्यांना पटवायचं कसं? या चर्चेत वर काही जणांनी लिंका दिल्यात. लिंका चांगल्या आहेत, पण काका त्या उघडणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडे कुणी ऊन नाकारत नाही. कुठल्याही कट्ट्यावर बसा, "आमच्या लहानपणी मे महिन्यातही रात्री पांघरूण लागायचं" हे वाक्य पाच मिनिटांत कानावर येतं. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये देशभर जी पाहणी केली, तीतही हेच दिसलं. जागतिक तापमानवाढ म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगून विचारलं, तर ८४ टक्के लोक म्हणाले की हो, हे घडतंय. पण ती मुख्यतः माणसामुळे होते असं म्हणणारे ५७ टक्केच, आणि निसर्गात असं चालायचंच म्हणणारे ३१ टक्के. म्हणजे भांडण अनुभवाचं नाही, दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा याचं आहे. आपल्या भागात तर प्रत्येकाकडे एकेक तयार आरोपी आहे. गंमत म्हणजे त्यातला जवळजवळ प्रत्येक आरोपी थोडाफार दोषी आहेच. त्यामुळे 'तुमचं चूक, माझं बरोबर' असं म्हणत गेलात तर हरणार.

काकांचंच घ्या. ते बरोबर बोलतात. १९७२ चा दुष्काळ खरा, आणि त्याच्याही आधी १८७६ ते ७८ चा महादुष्काळ बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा होरपळून गेला तोही खरा. त्या महादुष्काळाच्या वेळी तर आपल्याकडे ना कारखाने होते ना मोटारगाड्या. या दोन्ही वेळी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं आणि आपला मोसमी पाऊस कमजोर पडला. २०२३ सालीही एल निनोच होता. हे काकांना मोकळ्या मनाने सांगून टाका. "दुष्काळ नवा नाही" हे तुम्हीच आधी मान्य केलंत की ते पुढचं ऐकायला थांबतील.

पुढचं हे, की एल निनो येतो आणि जातो, पण तो ज्या पायावर येतो तो पाया वर सरकलाय. पाटावर उभा राहिलेला माणूस त्याच उंचीचा असला तरी त्याचा हात वरच्या फळीला पोचतो, तसं काहीसं. औद्योगिक काळापूर्वी हवेत दर दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. १९०१ पासून २०१८ पर्यंत भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. जगाचं २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वात उष्ण वर्ष ठरलं, जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे १.५५ अंश जास्त. भारतातही १९०१ नंतरचं सर्वात उष्ण वर्ष तेच. यातला एल निनोचा वाटा अंशाच्या एक-दोन दशांशांचा. बाकीचा वाटा एल निनो ओसरला तरी ओसरत नाही.

"पण आपल्याकडे उष्णतेची लाट कुठे जाहीर होते?" असं एकाने वर विचारलंय. सहसा होत नाही, कारण हवामान खात्याचा निकष. सपाट प्रदेशात आधी पारा किमान ४० ला पोचावा लागतो, मग तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त आहे का ते बघतात. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिलचं कमाल तापमान इथे पस्तीस-छत्तीसच्या आसपास असायचं. म्हणजे इथे पारा ३८-३९ ला गेला, रात्रीही उकडत राहिलं, तरी कागदावर लाट नाही. पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला त्या कागदाचं काय करायचंय? कौलं काढून पत्रे आणि स्लॅब टाकले, घराला घर चिकटलं, त्यात पूर्वी पंखाही न लागणारं हे गाव. सवय नसलेल्या अंगाला ३९ सुद्धा बाधतं.

आता पावसाचं. माझ्या मते काकांशी बोलायचं ते यावरच, कारण तापमान अंदाजाने सांगतात पण पाऊस त्यांना तोंडपाठ असतो.

बेळगाव-खानापूरकडे भाताची धूळवाफ पेरणी असते हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मे महिन्यात एक-दोन वळीव झाले की नांगरून, ढेकळं फोडून जमीन भुसभुशीत करायची आणि रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीतच कुरीने (पेरणीच्या अवजाराने) बी पेरून मोकळं व्हायचं. मृग वेळेवर आला की भात उगवून वर. सगळा हिशेब वळीव, रोहिणी आणि मृग या तिघांच्या वेळापत्रकावर. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, वर चक्रीवादळाने ओढ लावली. आमच्या शिवारात तेव्हा ओळीवरची माती बोटाने उकरून बघितली तर दाण्याला मोड फुटलेला, पण टोक तपकिरी पडलेलं. चिमटीत धरलं की टरफल नुसतं दबायचं, आत काही नाही. एका हलक्या सरीने बी जागं केलं आणि नंतर पंधरवडाभर पाठ फिरवली. त्याच जूनमध्ये बेळगाव शहराला पाणी देणारं राकसकोप जलाशय डेड स्टॉकवर, म्हणजे तळाच्या साठ्यावर आलं आणि एरवी पेपरातली जलाशयाची पातळी कधी न वाचणारी माणसं सकाळी ती आधी वाचू लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षी देशभरात जुलैमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. चार महिन्यांची बेरीज मात्र ९४ टक्के, म्हणजे वाचायला फारशी वाईट नाही. जुलैची तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्य) नक्षत्रं धो-धो, ऑगस्टची आश्लेषा-मघा कोरडी ठणठणीत. बेरजेवर भात पिकत नाही. २०२५ मध्ये याच्या उलट: मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात दाखल, २००९ नंतर एवढ्या लवकर आला नव्हता. आपल्याकडे मे महिनाभर ओलच ओल, धूळवाफेला जमीन कोरडीच मिळेना. एकदा पाणी नाही म्हणून पेरणी फसते, एकदा पाणी आहे म्हणून.

यामागचं विज्ञान फार अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग धरून ठेवते तेव्हा पावसाचा खंड लांबतो, जमीन लवकर सुकते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. दुष्काळ आणि पूर हे परस्परविरोधी पुरावे नाहीत हे एवढ्याने समजतं. "गेल्या वर्षी दुष्काळ म्हणत होतात, यंदा पूर म्हणताय, नक्की ठरवा" असं म्हणणाऱ्यांना हेच उत्तर.

झाडांचं म्हणाल तर मी मित्रांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. खानापूरकडून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणात जी झाडं गेली ती ज्यांनी पाहिलीत त्यांना कुणी अहवाल दाखवायची गरज नाही. सावली गेली, ओल गेली, रस्त्याकडेचा उन्हाळा वाढला. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी गेल्या त्याचं दुःख आहेच. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेला (पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये त्यासाठी ३.९ टीएमसी, म्हणजे ३.९ अब्ज घनफूट, दिलेत) खानापूरकर विरोध करतात तेही जंगलाच्या भीतीपोटी. हे सगळं लढण्यासारखं आहे. पण एक प्रश्न मित्रांना विचारा: ऑगस्ट २०२३ सगळ्या देशात कोरडा गेला, तो खानापूरच्या झाडांमुळे? घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत अजूनही वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात अथणीला सहाशेच्या आत. हा फरक घाटाचा आहे, कुऱ्हाडीचा नव्हे.

याची दुसरी बाजू मला जास्त खुपते. हल्ली उलटी चलाखी सुरू झालीय. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसून भात कुजलं की मंचावरून सांगतात, "काय करणार, हवामान बदल!" अहो, नाल्यातला गाळ कुणी काढायचा? पात्रात झालेली बांधकामं ढगांनी केली का? पाऊस जास्त पडला हे हवामानाच्या खात्यावर टाका, पाणी तुंबलं हे नाल्याच्या खात्यावर. हवामान बदलाच्या नावाखाली कुणी आपली जबाबदारी झटकत असेल तर काकांनी त्याला खूळ म्हणणं मला समजू शकतं.

सासऱ्यांचा मुद्दा नाजूक आहे, कारण आपल्या प्रत्येकाचे सोयरे नदीच्या दोन्ही अंगाला. मे संपताना चिक्कोडी-अथणीकडे "कोयनेतून सोडा" आणि ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुराकडे "अलमट्टीतून सोडा" (हे धरण खाली कर्नाटकात). दोन्ही फोन एकाच घरात येतात. २०२३ च्या मेअखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून वारणा-कोयनेतून २ टीएमसी आणि उजनीतून ३ टीएमसी पाणी मागितलं होतं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाही. तसंच २०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने तो पूर अलमट्टीमुळे आला नाही असं सांगितलं, हेही तिकडच्या पाहुण्यांना ऐकवायला हरकत नाही. पण धरणवाल्यांनी कितीही शिस्त पाळली तरी ते आलेलं पाणीच वाटणार. आणि वाटायचं कोणत्या पिकासाठी, हे आपण बोलत नाही. जिल्ह्यात पंचवीसहून जास्त साखर कारखाने, उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी, अथणीचा पाऊस सहाशेच्या आत. उरलेलं कृष्णेतून आणि बोअरमधून. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, ज्वारीला नाही, म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हिशेबात हा आकडा घेतल्याशिवाय नुसतं कोयनेवर बोट दाखवणंही खरं नाही.

"अमेरिकेने धूर सोडला, आम्ही का भोगायचं?" हा प्रश्नही येईलच. बरोबर आहे. आपला माणशी कार्बन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचा त्याच्या सहा-सात पट. हा अन्याय आहे असं स्पष्ट म्हणा. फक्त तो अन्याय आपल्या शिवारात पोचलाय हेही त्याच दमात म्हणा.

२०२३ मध्ये कर्नाटक राज्याने सप्टेंबरात १९५ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले, पुढे ते २३६ पैकी २२३ झाले. केंद्राच्या मदतीसाठी मार्च २०२४ मध्ये राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. गावात दुष्काळाची चर्चा तेव्हा एकाच प्रश्नावर होती: खात्यावर किती जमा झाले? ते स्वाभाविक आहे, पोट आधी. पण पैसे जमा झाले की विषय संपतो आणि पुढच्या रोहिणीला पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून पटवायच्या भानगडीत पडू नका. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांना मी दीड अंशाचं सांगायला गेलो तर म्हणाले, "काय सांगूलास बा, दीड अंश म्हणजे कणभर ताप!" त्यांनाच विचारलं की गेल्या काही वर्षांत धूळवाफ नीट साधली अशी वर्षं कोणती, तर बोटं मोजता मोजता स्वतःच थबकले. काकांना हेच विचारा. वळीव कधी, मृग कधी, खंड कोणत्या नक्षत्रात, मसुरीला थंडी मिळाली का. ते सांगतील ते वहीत लिहून घ्या आणि यंदापासून तुम्ही स्वतः नोंदी ठेवा. पडताळायला कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे आकडे आहेत, त्यांची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत बसवलेली आहेत. त्यांची 'वरुण मित्र' नावाची फोन सेवाही आहे. माहिती कन्नडमध्ये मिळते, तेव्हा येत नसेल तर पोराटोराला धरून बसवा.

त्या वहीचा रोकडा उपयोगही आहे. पीक विम्यात पेरणीच होऊ न शकल्याचा एक नियम असतो: विमा क्षेत्रातल्या पाऊणहून जास्त जमिनीवर पेरणी झाली नाही तर विमा रकमेच्या २५ टक्के मिळतात. त्या वेळी तलाठ्यासमोर तोंडी सांगण्यापेक्षा गावातल्या पाच-दहा जणांच्या तारीखवार नोंदी असल्या की बोलायला जोर येतो. फक्त नक्षत्राशेजारी इंग्रजी तारीखही लिहा, नाहीतर देखरेख केंद्राच्या आकड्यांशी जुळवताना पंचाईत होते.