शाळेच्या मैदानाची वर्गणी दिली नाही म्हणून दाखला अडवता येतो का?

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे, पट ११२. मैदान उन्हाळ्यात धुळीचं आणि पावसाळ्यात चिखलाचं. ग्रामसभेत ठरलं, की सपाटीकरण करून पेव्हर ब्लॉक, स्टेज, कुंपण आणि खेळणी बसवायची. खर्च नऊ लाख सांगितला. अंदाजपत्रक कुणी पाहिलेलं नाही. घरटी २,००० रुपये लोकवर्गणी ठरली. खर्च जास्त वाटतो असं मी सभेत बोललो, तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. मला घरदुरुस्तीच्या कर्जासाठी नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीच्या दप्तरातली घराची नोंद) हवा आहे. ग्रामसेवक म्हणतात, आधी मैदान समितीची पावती दाखवा. मुलगी सातवी पास झाली, तिचा शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापक ‘एकदा सरपंचांना भेटून घ्या’ म्हणून देत नाहीत. मैदानाला माझा विरोध नाही. पाचशे रुपये द्यायची तयारीही आहे. काय करू?

उत्तर : आधी मुलीचं बघू, कारण उतारा पंधरा दिवसांनी मिळाला तरी चालेल, पण तिचं आठवीचं वर्ष सुरू होतंय.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ नेमकं तुमच्या मुलीसारख्या मुलांसाठी आहे. प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंतचं; तुमची शाळा सातवीला संपते. अशा मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकांनी दाखला ‘तात्काळ’ द्यायचा आहे. टाळाटाळ केली तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दुसरं, नव्या शाळेला दाखला नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा उद्याच नव्या शाळेत जाऊन नाव घाला. इकडे मुख्याध्यापकांना दोन ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. माझा अनुभव असा, की प्रत वर गेल्याचं कळलं की दाखला संध्याकाळपर्यंत तयार होतो. मुख्याध्यापकांवर फार राग धरू नका. त्यांना त्याच गावात नोकरी करायची आहे.

आता उतारा. मालमत्ता तुमच्या नावावर असेल, तर नमुना ८ चा उतारा हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ग्रामपंचायतीच्या ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यात तो येतो. मुदत आणि फी कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असली पाहिजे. तुमची चूक बहुधा एवढीच, की तुम्ही तोंडी मागितलात. तोंडी मागणीला तोंडी नकार मिळतो आणि त्याचा पुरावा राहत नाही. लेखी किंवा ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवरून अर्ज करा. मग मुदतीत उतारा द्यायचा, नाहीतर कारण लिहून नाकारायचं, असे दोनच रस्ते उरतात. ‘मैदानाची वर्गणी दिली नाही’ हे कारण कोणताही ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) स्वतःच्या सहीनं लिहिणार नाही. लिहिलंच, तर तो कागद जपून ठेवा. नकार आला किंवा मुदत उलटली, की तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलात दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली असेल तर आधी भरून टाका. समोरच्याच्या हातात तेवढंच खरं कोलीत असतं.

ग्रामसभेनं ठरवलंय म्हटल्यावर वर्गणी सक्तीची होत नाही का, असं तुम्हाला कुणीतरी नक्की म्हटलं असेल. नाही होत. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही, असं संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. ग्रामपंचायतीनं कोणते कर बसवायचे ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहे. त्यात लोकवर्गणी नाही. ग्रामसभेला हात वर करून आवाहन करता येतं, वसुली करता येत नाही. साधी कसोटी सांगतो : कराची मागणी नमुना ९ च्या नोंदवहीत चढते. ही रक्कम तुमच्या नावापुढे तिथे दाखवा म्हणा. जी मागणी नोंदवहीत नाही तिची थकबाकी कुठून येणार?

आणि ही ‘मैदान समिती’ कोण? ग्रामपंचायत नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीही नव्हे. स्वतःची पावतीपुस्तकं छापून पैसे गोळा करत असेल, तर गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली जी परवानगी काढतात ती यांनी काढली आहे का, हे विचारायला हरकत नाही. विचारा, पण भांडणाच्या सुरात नको.

खर्चाच्या वादात तुमची बाजू मला पटते, आणि ती नऊ लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त भक्कम आहे. खेळाचं मैदान आणि शाळेला भिंत किंवा कुंपण या दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. म्हणजे ते सरकारचं देणं आहे. गावानं हौसेनं करायचं काम नव्हे. ११२ पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ५० हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान येतं, खेळाच्या साहित्याचं वेगळं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी असतो. या तिन्हींचं काय झालं हे न विचारता थेट घरोघरी हात पसरणं मला योग्य वाटत नाही. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीचं. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा विषय त्या बैठकीत गेला होता का? नसेल, तर लढायची जागा तीच.

माहिती अधिकाराचा एक अर्ज करा, दहा रुपये फी. चारच गोष्टी मागा : ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत हजेरीसह, अभियंत्यानं केलेलं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, आणि शाळेच्या जागेत काम करायला जिल्हा परिषदेनं दिलेली परवानगी. हजेरी अशासाठी, की ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली कमी संख्या गणपूर्तीला लागते. त्यावर फार विसंबू नका मात्र. सभा तहकूब करून पुन्हा घेतली असेल तर गणपूर्ती लागतच नाही, आणि बऱ्याच गावांत सभा तशीच होते. अंदाजपत्रक अस्तित्वातच नसेल, असा माझा अंदाज आहे. ते हाती आलं की पेव्हर ब्लॉकची रक्कम वेगळी काढून बघा. (हे कायद्याचं नाही, पण पोरांनी खो-खो खेळायचा तो मातीत. ब्लॉकवर पडलेल्या मुलाचे गुडघे मी पाहिलेत.)

फळ्यावर वर्गणी न देणाऱ्यांची नावं लिहितात, त्यावर अब्रुनुकसानीचा दावा करू का, असं बरेच जण विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. त्या वाटेनं दहा वर्षं जातात. वर्गात मुलांना त्यावरून कुणी बोललं, तर मात्र गप्प बसू नका. मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं.

पाचशे रुपये द्यायचे असतील तर जरूर द्या, पण ग्रामपंचायतीत जमा करा आणि नमुना ७ ची सामान्य पावती घ्या. तेही उतारा हातात पडल्यावर, आधी नको.